पहिल्या बर्फाची पैज

हबीबचाचांनी पुढे केलेला जेवणाचा डबा विभानं सवयीनं हातात घेतला आणि तिथेच ती फसली. डब्यात बर्फ होता.

काश्मीरमधली ही जुनी पैज. पहिला बर्फ पडला की तो गुपचूप कुणाच्या तरी हातात द्यायचा. बेसावधपणे घेईल तो हरला, त्यानं मेजवानी द्यायची. गुलमर्गच्या स्कीच्या उतारावर रोपवे चालवणारे हबीबचाचा दर वर्षी विभाला गाठायला बघत. पण ती पडली हवामानवाली. तिचं यंत्र हिवाळाभराचा बर्फ मिनिटासकट सांगायचं आणि कधी चुकायचं नाही, मग ती फसणार कशी?

यंदा यंत्राची नजर तीस वर्षांपर्यंत वाढवली होती. सोमवारी त्यानं तीसही हिवाळे बर्फाविना कोरे दाखवले. ती सूचना फलकावर लावायला विभाचा हात धजत नव्हता.

“हा कुठला, चाचा?”

“गेल्या वर्षीचा. फ्रीजरमध्ये जपून ठेवला होता.”

“म्हणजे तुम्हाला कळलंय?”

“सोमवारपासून तुम्ही माझ्याकडे बघत नाही, मॅडम,” चाचा शांतपणे म्हणाले. “म्हटलं, एकदा तरी जिंकून घ्यावं. आता मेजवानी तेवढी द्या.”

डब्यात कडेनं पाणी सुटायला लागलं होतं. गार वारा तरी येईल म्हणून विभानं धावत जाऊन खिडकी सताड उघडली.

बाहेरची जानेवारीतली हवा खोलीतल्यापेक्षा गरम होती.