बदल्यांच्या टेबलाचा खण

ग्लासातलं पाणी गुलाबी झालं. बदल्यांच्या टेबलावरचे हेडक्लार्क आपल्याच बोटांकडे कौतुकाने बघत राहिले.

“रंग छान येतो हो,” ते म्हणाले.

लाचलुचपत खात्याच्या साहेबांना असल्या थट्टेची सवय नव्हती. नोटांना पावडर लावायची, घेणाऱ्याचे हात सोड्याच्या पाण्यात बुडवायचे, पाणी गुलाबी झालं की खेळ खलास. सहा वर्षांत साहेबांनी अशी एक्केचाळीस माणसं धरली होती. कुणाला भोवळ आली होती, कुणी पाय धरले होते. एका इंजिनिअरने तर पुरावा नको म्हणून ते पाणीच पिऊन टाकलं होतं. हे गृहस्थ मात्र रुमालाने हात पुसत बसले होते.

जिल्ह्यातल्या सगळ्याच खात्यांच्या बदल्यांचे कागद या एका टेबलावरून जायचे. आताची तक्रार एका मास्तरीणबाईंची होती. आई अंथरुणाला खिळलेली, म्हणून घराजवळची शाळा हवी होती, आणि हेडक्लार्कनी त्या आजारपणाचाही भाव केला होता. बाई बाहेर बाकावर पर्स पोटाशी धरून बसल्या होत्या. साहेबांना त्या दारातून दिसत होत्या.

साहेबांना स्वतःचा अभिमान होता, आणि तो त्यांनी कधी लपवलाही नव्हता. प्रामाणिक अधिकाऱ्याची गठडी वर्षभरात वळते. त्यांचीही वळायची. या खात्यात येण्याआधी आठ वर्षांत नऊ गावं झाली होती आणि मुलीच्या सात शाळा. इथे आल्यापासून मात्र त्यांच्या खुर्चीला कुणी हात लावला नव्हता. “टरकतात मला,” ते जेवताना सांगायचे. बायको भाजी वाढत म्हणायची, “टरकणारच.”

“आता खण उघडा,” साहेब म्हणाले.

“खण तेवढा राहू द्या साहेब.” हेडक्लार्कचा आवाज पहिल्यांदा मऊ झाला. “तुमच्यासाठीच सांगतोय. माझं काय व्हायचं ते झालंय.”

हे वाक्य साहेबांनी एक्केचाळीस वेळा ऐकलं होतं. त्यांनी स्वतःच खण ओढला. आत शिक्के होते, खोकल्याच्या गोळ्या होत्या, एक तुटकी कंगवी होती. आणि एक पाकीट.

पाकीट घरी चिकटवलेलं होतं. साहेबांनी ते उलटं केलं, तर त्यांचाच अर्धा चेहरा त्यांच्याकडे बघत होता. ‘लाच देऊ नका’ हे पोस्टर साहेबांनी मोठ्या हौसेने छापून घेतलं होतं, बोट उगारलेल्या स्वतःच्या फोटोसकट. उरलेला गठ्ठा त्यांनी घरी नेला होता. बायकोला कागद टाकवत नाही. फडताळात अंथरायला आणि पाकिटं करायला तिने ती पोस्टरं वापरली. या पाकिटावर ‘लाच देऊ’ एवढंच उरलं होतं, ‘नका’ कात्रीत गेलं होतं.

पंचनामा लिहायला पंचांपैकीच एक, मोजणी खात्यातला नकाशे काढणारा आरेखक बसला होता. अक्षर मोत्यासारखं, म्हणून दर वेळी त्यालाच धरून आणत. त्यानेही पाकीट पाहिलं. चेहरा तर ओळखीचाच होता.

“साहेब,” तो हळूच म्हणाला, “खणात काही मिळालं नाही, असं लिहितो.”

साहेबांनी पाकीट टेबलावर ठेवलं. सहा वर्षांत खणातली टाचणीही त्यांनी पंचनाम्यातून सोडली नव्हती. देणाराही गुन्हेगार, हे ते दर भाषणात टेबल आपटून सांगत आले होते. लिहावं तर बायको आरोपी. न लिहावं तर त्यांच्यात आणि त्या पाणी पिणाऱ्या इंजिनिअरमध्ये फरक काय राहिला? बाहेर मास्तरीणबाईंनी मान उंच करून आत पाहिलं.

“लिहा,” साहेब म्हणाले. “पाकीट एक. देणार, माझी पत्नी.”

आता हेडक्लार्क हबकून खुर्चीतून उठले. “अहो, वहिनींना कशाला मध्ये ओढता?”

साहेबांनी घरी फोन लावला.

“अगं, तुझं पाकीट सापडलंय. बदल्यांच्या टेबलाच्या खणात.”

पलीकडे वाहता नळ बंद झाला.

“म्हणजे धरलंत त्यांना? शब्दाचे पक्के होते हो.”

“मला विचारायचं तरी!”

“विचारलं असतं तर हो म्हणाला असतात?”

“पण दिलंस कशासाठी?”

“आत चिठ्ठी आहे. चष्मा लावून वाचा,” ती म्हणाली. मग जरा थांबून, “आणि जे असेल ते लिहा. माझ्यासाठी खोटं लिहू नका.”

आरेखकाने घसा खाकरला. “कोणत्या कामासाठी, तेही लिहावं लागतं साहेब.”

साहेबांनी चष्मा लावला. चिठ्ठीत दोनच ओळी होत्या. “भावजी, यंदाही ह्यांना इथेच राहू द्या. पोरीचं शाळेचं शेवटचं वर्ष आहे.”

‘यंदाही’वर साहेब अडकले. त्यांनी तो शब्द पुन्हा वाचला.

“दरवर्षी सगळी खाती मिळून दुप्पट द्यायला तयार असायची, तुम्हाला हलवा म्हणून,” हेडक्लार्क म्हणाले. “पण वहिनी आधी यायच्या. एकदा घेतलं की मी फिरत नाही.”

साहेब खुर्चीत बसले. खुर्ची आरोपीची होती, तेही त्यांच्या ध्यानात आलं नाही. त्यांना रडू येत होतं आणि हसूही, आणि पंचांसमोर दोन्ही बरं दिसलं नसतं. त्यांनी चिठ्ठी आरेखकाकडे सरकवली. त्याने ती शब्दन् शब्द उतरवून घेतली.

“आता शेवटचा रकाना,” तो खाली मान घालून म्हणाला. “पैसे घेऊन काम केलं का?”

“केलं,” साहेब म्हणाले. “लिहा, सहा वर्षं चोख केलं.”