तोंडवळा

"चोर आला की आधी दिवा पेटतो," दुकानदार म्हणाला, "मग भोंगा वाजतो. अख्ख्या गल्लीला जाग येते. चोराची पाचावर धारण बसलीच म्हणून समजा!"

काउंटरवर तीन कॅमेरे मांडले होते. सासूबाईंनी त्यातला एक उचलला आणि भाजी निवडावी तसा उलटसुलट करून पाहिला. सून त्यांच्या शेजारी तिरकी उभी होती, दुकानाच्या दाराकडे पाठ होणार नाही अशी. तिचा डावा हात प्लास्टरमध्ये होता. कुणी विचारलं तर ती "जिन्यावरून पडले" असं सांगायची. घर बैठं होतं, त्याला जिनाच नव्हता.

चोराची भीती दोघींपैकी एकीलाही नव्हती. काल फोन आला होता. "येतोय," एवढंच तो म्हणाला होता. कधी, ते नाही. एकीचा नवरा, दुसरीचा मुलगा. तेव्हापासून घरात दोघी हळू आवाजात बोलत होत्या. मागच्या दाराची कडी एक बघून आली की दुसरी जाऊन परत बघत होती.

"हा किती लांबचं दाखवतो?" सुनेनं विचारलं.

"फाटकाच्याही पलीकडचं, ताई. काळोखात सुद्धा लख्ख."

"मग माणूस दिसल्यापासून तो दाराशी येईपर्यंत किती वेळ मिळतो?"

"कशाला?"

"कड्या लावायला."

दुकानदारानं तिच्या हाताकडे पाहिलं आणि लगेच नजर काढून घेतली.

"मिळेल तेवढा," तो म्हणाला.

"आणि हा माणसाला थांबवतो का?" सासूबाईंनी विचारलं.

"नाही मावशी. दाखवतो फक्त."

"म्हणजे आमच्या शेजाऱ्यांसारखाच झाला की."

हसावं की नाही ते दुकानदाराला कळेना. त्यानं तिसरा कॅमेरा पुढे सरकवला. "मग हा बघा. हा सगळ्यांत हुशार. घरची माणसं ओळखतो. घरचं कुणी आलं तर गप्प बसतो. दुसरं कुणी आलं की भोंगा."

"हाच द्या," सासूबाई म्हणाल्या. सुईदोरा घेतानासुद्धा घासाघीस करणारी बाई, पण आज किंमत विचारायचंही विसरली. सुनेला त्याचीच जास्त धास्ती वाटली.

दुकानदारानं कॅमेरा काउंटरवरच्या खांबाला अडकवला, वायर जोडली आणि सासूबाईंचा फोन मागून घेतला. "फोनमधल्या फोटोंतून चेहरे हा स्वतःच गोळा करतो. तुम्ही फक्त बोट लावायचं. घरचा की परका, बस."

पहिला चेहरा आला तो मुलाचाच. यायचाच होता. सासूबाईंच्या फोनमध्ये सगळ्यांत जास्त फोटो त्याचेच होते. नवा शर्ट, ओले केस, हसरे डोळे. असा हसला की तो कुणालाही आवडे. सुनेलाही आवडला होता.

फोन सासूबाईंचा, पोरगा सासूबाईंचा. आईचं काळीज कुठे कच खाईल, सांगता येत नाही. ते एक बोट 'घरचा'वर पडलं, की तो फाटक उघडणार, अंगण ओलांडून दाराशी येणार आणि भोंगा चूप बसणार. नको, आई, असं सुनेला म्हणायचं होतं.

"हे दादा घरचेच ना?" दुकानदारानं फोनवर वाकून पाहिलं आणि त्याची कळी खुलली. "हुबेहूब तुमचाच तोंडवळा, मावशी! नाक, हनुवटी, सगळं तेच. मातृमुखी सदा सुखी म्हणतात."

"म्हणतात खरं," सासूबाई म्हणाल्या.

त्या बराच वेळ त्या फोटोकडे बघत राहिल्या. मग त्यांनी 'परका'वर बोट टेकवलं. फोननं विचारलं, 'नक्की?' त्यांनी पुन्हा टेकवलं. मग पदरानं फोनची काच पुसली.

सुनेच्या जिवात जीव आला. तिनं सासूबाईंचं मनगट धरलं. ते गार पडलं होतं.

"बरं," दुकानदार हळूच म्हणाला. "आता तुमचा चेहरा भरून घेऊ, मावशी. अशा इकडे या. हां. वर बघा."

सासूबाई कॅमेऱ्यासमोर उभ्या राहिल्या आणि त्यांनी वर पाहिलं.

भोंगा वाजला. काउंटरवरच्या फोनमध्ये मुलाचा फोटो लाल चौकटीत लुकलुकू लागला.

सून मटकन खाली बसली, काउंटरच्या आडोशाला, प्लास्टरचा हात डोक्यावर धरून. सासूबाई गर्रकन दाराकडे वळल्या. सुनेच्या आणि दाराच्या मध्ये दोन्ही हात पसरून उभ्या राहिल्या.

"पाऊल पुढे टाकलंस तर याद राख!" त्या ओरडल्या. "आधी मला मार!"

दारात ऊन पडलं होतं. रस्त्यावरून जाणारा एक सायकलवाला आत डोकावून पुढे गेला.

दुकानदारानं धडपडत वायर उपटली. भोंगा बंद झाला, तरी सासूबाईंचे हात खाली येईनात.

"मावशी, कुणी नाही आलेलं," तो म्हणाला. "तुम्हालाच बघून वाजला तो."