नवमीचा घास

बापानं गाव सोडून मस्तगडला बिऱ्हाड केलं तेव्हा मी चार वर्षांची होते. माय वारली, असं त्यानं सांगितलं. दर पितृपक्षात अविधवा नवमीला तिच्या नावाचा घास पत्र्यावर ठेवायचा. कावळा शिवला नाही की मलाच दटावायचा, “तू रडून राह्यली म्हणून माय घास घेईना.” मी रडणंच सोडलं. यंदा महालक्ष्म्यांना गावाकडची कमरबी बांगड्या भरताना म्हणाली, “बिलकुल मायचा हात. मंठ्याच्या बाजारात भाजी घेऊन बसती ती, परवा तिलाबी मीच भरल्या.” नवमीपर्यंत गप्प राहिले. बापानं पुन्हा घास ठेवलाच. तेव्हा विचारलं. तो म्हणाला, “हाकलून देल्ती तिला. मंग लेकराला काय सांगणार?” कावळा शिवायच्या आत मी घास फडक्यात बांधला, मंठ्याची एसटी धरली. बाजारात हातांवरूनच माय ओळखली. तिला भरवताना मी हमसून रडत होते, आणि माय घास घेत होती.