पिवळी चौकट

ऋजुताने बाबांसमोर टॅब ठेवला. गावच्या वाचनालयासाठी तिने ऐकायच्या पुस्तकांची वेबसाइट बनवली होती. एसटी चालवून निवृत्त झालेल्या बाबांची नजर अधू झाली होती, म्हणूनच ती आधी त्यांनी वापरून बघावी असा तिचा हट्ट होता.

बाबांनी एका पुस्तकाच्या चौकटीवर बोट टेकवलं. आत इवलीशी बरोबरची खूण उमटली. त्यांना ती दिसलीच नाही. त्यांनी पुन्हा बोट टेकवलं, तशी खूण पुसली गेली.

"तूच निवड गं. मला आता जमायचं नाही," म्हणत त्यांनी हात मागे घेतला.

ऋजुताने लॅपटॉप उघडला. नुसती खूण मोठी करून भागणार नव्हतं. पूर्वी अशा कामाला वेगळा प्रोग्राम लिहावा लागे, पण आता वेबसाइटचं रंगरूप ठरवणाऱ्या सीएसएस या भाषेत नवी सोय आली होती. तिने एकच ओळ लिहिली: ज्या चौकटीच्या आत खूण असेल, ती अख्खी चौकट पिवळी कर.

"बाबा, आता बघा."

त्यांनी नाखुशीनेच बोट टेकवलं. चौकट हळदीसारखी पिवळीधमक झाली.

"अगं, दिसलं की मला!" बाबा ओरडलेच. मग खुर्ची पुढे ओढून ते एकामागून एक रहस्यकथा निवडत सुटले. बघता बघता सगळा पडदा पिवळा झाला.

"बाबा, एका वेळी दोनच मिळतात!" ऋजुता हसत म्हणाली.

"मग वाचनालयाला सांग, नियम बदला," बाबा मान वर न करता म्हणाले. "मी काही आता थांबत नसतो!"