पुनवेचं घमेलं

"आई, एकच पान उरलंय वहीत! बाकीची कुठे गेली? रोज लिहिणार होतीस ना?"

नवरा गेल्यापासून न्हुंग सैरभैर झाली होती. मनातलं रोज कागदावर उतरवलं की डोकं शांत होतं, असं सांगून लेकीने, थुईने, तिला ही वही आणून दिली होती.

"लिहिते की रोज," म्हणत न्हुंगने दारातल्या घमेल्याकडे बोट दाखवलं. पौर्णिमा होती. ह्युए शहरातल्या त्या गल्लीत जो तो आपल्या गेलेल्या माणसांसाठी कागदी कपडे, कागदी नोटा जाळत होता. न्हुंगच्या घमेल्यात वहीची पानं जळत होती.

"जाळलंस होय! बरं केलंस. मनातून निघून गेलं ना सगळं?"

"निघून कशाला जाईल? ह्यांना पोहोचलं."

न्हुंगने ते उरलेलं पान हलकेच फाडलं, त्यात पेन्सिल गुंडाळली आणि पुरचुंडी जाळावर ठेवली.

"अगं, हे पान तर कोरंच आहे!"

"असू दे. महिनाभर मी एकटीच बडबडतेय. आता ह्यांनी लिहावं."