चित्रातलं धान

चिमण्यांनी पुनारामच्या नाकी नऊ आणले होते. वैनगंगेची रेती, सागाची साल, वाळलेली पानं, रानात जे सापडेल ते फळीवर चिकटवून चित्र करायचं, हा त्याचा नाद. यंदा त्यानं पिकलेलं शेत केलं होतं आणि त्यात खऱ्या धानाच्या लोंब्या लावल्या होत्या. उद्या चित्र जबलपूरच्या प्रदर्शनाला जायचं होतं, आणि या चिमण्या खिडकीतून शिरून दाणे टिपत होत्या. त्यानं डिंक लावून डागडुजी करावी, जरा पाठ वळली की शेत पुन्हा ओसाड.

शेवटी हातातलं फडकं आपटून तो बायकोवर खेकसला, "खळ्यात एवढं धान सांडून हाये, ते सोडून माह्याच चित्राच्या मागं काहून लागल्या ह्या? अशा घरात कधी येत नव्हत्या."

गोदाबाई तांदूळ पाखडत होती. तिनं मान वर केली नाही.

"नवं धान घरात आलं का चिमण्यायसाठी लोंब्यायची झालर दारावर टांगतो आपण. यंदाही टांगलती मी. कोनं काढून नेली जी?"

पुनारामनं दाराकडं पाहिलं. चौकटीवर नुसता खिळा होता.

तो चरफडत उठला, चित्र उचललं आणि त्या खिळ्याला नेऊन टांगलं.