दुसरा बैल

आनंदाबाई साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभी राहिली आणि घडाघडा बोलत सुटली. "आमच्या मालकायचं अन् बाबारावचं सहा वर्सांपासून बोलनं नाई, साहेब. धुऱ्यावरून, वावराच्या हद्दीवरून भांडन झालं, तवापासून एकमेकाचं तोंड पाहत नाई."

सरकारी वकिलाच्या मागच्या बाकावर बसलेली कोकिळा पुढे सरकली. सत्याहत्तरच्या मृगात तिची दोनशे संत्र्याची झाडं कापणारा बाबाराव कुऱ्हाडीसकट सापडला होता. पण कापायला लावलं होतं तिच्या सख्ख्या दिरानं, या आनंदाबाईच्या नवऱ्यानं, वासुदेवरावानं. दोघांचा कट सिद्ध झाला नाही तर दीर सुटणार, आणि मग कारंज्यात एकट्या विधवेला वावर कसू देणार होता का तो? अबोला असलेली माणसं कट करतील कसा, असं त्याचा वकील सकाळपासून म्हणत होता, आणि जज्जसाहेबांनाही ते पटत चालल्यासारखं दिसत होतं.

"झाडं तुटली त्या दिवशी तुमचे मालक कुठे होते?" त्या वकिलानं विचारलं.

"वावरात. दिवसभर तिफण चालली आमची. गावात पयली पेरनी." आनंदाबाईनं मान ताठ केली.

कोकिळा ताडकन उठली. त्या आठवड्यात ती माहेरी, केळझरला होती. पण दिराचा एक बैल वैशाखातच मेला, हे तिला पक्कं ठाऊक होतं. एका बैलानं तिफण ओढली जात नाही हे शेंबड्या पोरालाही कळतं, कळत नाही ते फक्त वर्ध्याच्या वकिलांना. तिनं सरकारी वकिलाचा काळा कोट ओढला आणि त्याच्या कानात सांगितलं.

उलटतपासणीला तो उभा राहिला. "तिफणीला बैल किती होते?"

"दोन."

"दोन्ही तुमचे?"

आनंदाबाईनं नवऱ्याकडे पाहिलं. तो खाली पाहत होता. "एक आमचा."

"आणि दुसरा?"

"मले का मालूम कोनाचा. होता एक लंगडा, मरतुकडा. कोनी तरी देल्ला."

इतका वेळ आरोपींच्या बाकावर मुकाट बसलेला बाबाराव उठला. वासुदेवरावानं त्याचं धोतर ओढलं, पण तो काही बसेना.

"लंगडा कोनाले म्हनता, वहिनी? माया चांद्यानंच तं ओढली सारी तिफण. तुमचा बैल निस्ता खांदा लावून चालून राह्यला होता."